अडतीस भाग उदक

तुळसीने चिमूटभर सब्जा काचेच्या पेल्यात टाकला, वर पाणी ओतलं आणि पेला आत्याच्या उजव्या डोळ्यासमोर इतका जवळ नेला की काच पापण्यांना लागली.

"आतां पाहत राहा. शंभर मोजीपर्यंत फुगतें."

विजयलक्ष्मीआत्या पाहत राहिली. तिचा डावा डोळा लहानपणी देवीत गेला होता आणि उरलेल्या उजव्यात दोन वर्षांपासून मोतीबिंदू वाढत होता. पेल्यातले काळे ठिपके तिला दिसले नसावेत, कारण शंभर झाल्यावर तिने दोन बोटं पाण्यात घातली आणि दाणे चिमटीत चोळले.

"बुळबुळीत झालें."

"तेंच तर. भोवतीं जें आलें तें उदकच आहे, पण धरून ठेविलेलें. सांडत नाहीं, गळत नाहीं. तुझें भिंग असेंच असणार, आत्या. प्लॅस्टिकच, पण उदक पिणारें."

आत्याने बोटं पदराला पुसली आणि दाण्यांना काय वाटत असेल असं विचारलं. तुळसी खो खो हसली.

दोन वर्षांपूर्वी वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी ही बाकाखाली वाकून पेन्सिल शोधायला लागायची. मग मद्रासला प्लॅस्टिकच्या कारखान्यात असलेल्या जानकीरामकाकांनी पत्रांतून शिकवलेल्या पाणी पिणाऱ्या प्लॅस्टिकवर तिने एक तक्ता केला, तो तंजावरच्या प्रदर्शनात गेला, आणि परीक्षकांसमोर तिच्या तोंडून जे निघालं ते तिचं तिलाच नवीन होतं. जिल्ह्यात पहिला नंबर आला. तेव्हापासून ती कुणालाही काहीही समजावून सांगत असे. बसच्या कंडक्टरला डिझेल कसं जळतं ते सांगे, कॉफीपूड दळणाऱ्याला वास नाकापर्यंत कसा येतो ते. हिच्या तोंडाचं बूच गेलंय, कुणाला सापडलं तर आणून द्या, असं अम्मा शेजारणींना सांगायची. ऐकणाऱ्यांत आत्या सगळ्यांत चांगली. ती मध्ये बोलत नसे, आणि शेवटी एकच प्रश्न विचारी, तो नेमका हवा तिथला.

डॉक्टर अलमेलुंनाही तिने एकच प्रश्न विचारला होता.

अलमेलु दोन महिन्यांतून एकदा मद्रासहून येत आणि गावातल्या महामहाच्या तळ्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात डोळे कापत. त्यांनी आत्याचा डोळा तपासून सांगितलं की आता थांबता येणार नाही. मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसवलं तर साध्या चष्म्यावर काम चालेल. भिंग नाही बसवलं तर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागेल. आत्याने विचारलं, त्या जाड चष्म्यातून रेघा सरळ दिसतील का?

अलमेलुंनी हातातला टॉर्च खाली ठेवला. मग खरं ते म्हणाल्या. नाही, कडेच्या रेघा वाकतील.

आत्याचं सगळं पोट रेघांवर होतं. तिरुभुवनम्‌च्या रेशीम सोसायटीसाठी ती साड्यांच्या काठापदरांची नक्षी ग्राफच्या कागदावर उतरवून देत असे. एक घर म्हणजे एक धागा. एक घर चुकीचं रंगलं तर हंसाची चोच प्रत्येक हंसाला चुकते, पहिल्या वारापासून शेवटच्यापर्यंत. विधवा होऊन भावाच्या घरी आली त्या वर्षापासून, गेली सव्वीस वर्षं, ती मायिलाडुतुरैच्या रस्त्यावरच्या बसने तिथे जात होती, आणि या सव्वीस वर्षांत तिचं एकही घर चुकलं नव्हतं. शेवटच्या सहा महिन्यांत तिने कागद नाकाला लावून एकाच नक्षीवर काम चालवलं होतं. ती अजून अर्धीच होती. सोसायटीचे सेक्रेटरी गुरुमूर्ति वाट पाहत होते, पण किती पाहतील ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

भिंग घेऊन जानकीरामकाका स्वतः आले. परदेशातून येणाऱ्या मित्राकरवी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नंबरचं, त्यांनी ते मागवलं होतं. बिस्किटाच्या डब्यात कापूस, कापसात अंगठ्याएवढी बाटली, बाटलीच्या तोंडावर रबरी बूच आणि वर गच्च आवळलेली पत्र्याची टोपी. आत नुसतं पाणी. तुळसीने बाटली खिडकीकडे धरून तिरकी केली तेव्हा कुठे पाण्यात एक पाण्याचीच कड हलली.

तिचा आवाज चढला. कडक भिंग म्हणजे सदऱ्याचं बटण, ती म्हणाली, आणि हे म्हणजे ताडगोळ्याच्या आतला गर. घडी घाला, घडी मोडा, पुन्हा होतं तसं. सुकलं की माशाचा खवला, पाण्यात टाकलं की पुन्हा भिंग. काका कौतुकाने ऐकत राहिले. आपण नोकरी सोडून हिलाच कारखान्यात पाठवतो म्हणाले.

"पुरे तें भाषण," अप्पा म्हणाले, "आधीं ठेवायचें कोठें तें सांगा."

ठेवायला घरात एकच जागा होती. देवघरात आंघोळीवाचून कुणी पाऊल टाकत नव्हतं, आणि सकाळची पूजा होईपर्यंत आत्या मडीत, म्हणजे सोवळ्यात, असे. ओल्या अंगाने नेसलेलं तिचं लुगडं कुणाला शिवायचं नाही, तिने भरलेलं पाणी कुणाला शिवायचं नाही. अक्काच्या मडीला उंदीरसुद्धा घाबरतात, असं काका म्हणाले. अप्पांनी डबा शाळिग्रामाच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवला, ऑपरेशनपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी काका मद्रासला परत गेले.

त्याच आठवड्यात तुळसीच्या दावणीचा, परकरावरच्या ओढणीचा, पदर आत्याच्या कुडमाला लागला. तुळसी शाळेच्या घाईत, आत्या कावेरीहून पाण्याची घागर, पितळी कुडम, कमरेवर घेऊन परसदारी आलेली. ऐप्पसीचा, दिवाळीच्या सुमाराचा महिना होता. या महिन्यात कावेरीत सगळ्या नद्या येतात म्हणून आत्या एकही दिवस चुकवत नसे, दिसत नव्हतं तरी. पदर नुसता घसटला. आत्याने काठोकाठ भरलेला कुडम तसाच वाकवला आणि सगळं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं.

तुळसीने वाद घातला. दावणी कालच धुतलेली होती, पदर पितळेला बाहेरून लागला, पाणी आत होतं, पितळेतून काय आरपार जातं? वाटल्यास कुडम वरून पुन्हा धुऊन घे.

"धुऊन जात नाहीं गे तें," आत्या म्हणाली. रागावून नाही, साखर गोड असते असं सांगावं तसं. मग पायाने पायरी चाचपत ती पुन्हा नदीकडे निघाली. अप्पा तिला शिवणार नाहीत इतकं अंतर ठेवून मागे गेले, ठेच लागलीच तर हाक मारायला.

संध्याकाळी आत्या मांडीवर कापूस घेऊन वाती वळत होती. वाती तिला बघाव्या लागत नसत. तुळसी समोर गणितं सोडवत होती.

"तुळसी, त्या बाटलींतलें उदक कोठलें?"

"तिकडचेंच. खारें असतें, डोळ्यांतल्या उदकासारखें."

"आणि भिंगानें तेंच पिलेलें?"

"शंभरांत अडतीस भाग," तुळसी म्हणाली. हा आकडा तिच्या तक्त्यावर लाल रंगात होता. "अडतीस भाग उदक, बासष्ट भाग प्लॅस्टिक."

आत्याने एक वात पूर्ण केली, बाजूला ठेवली.

"म्हणजे अडतीस भाग तें उदक माझ्या डोळ्यांत राहणार. मरेपर्यंत."

सव्वीस वर्षांत ती घराबाहेर पाण्याचा थेंब प्यायली नव्हती. तिरुभुवनम्‌ला जाताना पितळेचा फिरकीचा तांब्या बरोबर असे. रामेश्वराच्या यात्रेत तो संपला तेव्हा ती दीड दिवस तशीच राहिली होती. हे तुळसीला माहीत होतं. पण त्या वेळी तिच्या डोक्यात दुसरंच काही चमकलं, आणि ते इतकं छान होतं की ती पाठकोऱ्या वहीसकट पुढे सरकली.

"तसें राहत नाहीं, हीच तर गंमत. जें उदक भोवतीं असेल तें हें आंत घेतें आणि आधींचें बाहेर सोडतें. हळूहळू."

"बदलतें?"

"बदलत असतें."

"भिंगाला कांहीं होत नाहीं?"

"काय होणार? उदकाशीं त्याची मैत्रीच."

मग ती पुढे सांगत गेली. लांबलचक साखळ्या कशा एकमेकींत गुंतलेल्या असतात, मोगऱ्याच्या गजऱ्यासारख्या, आणि मधल्या फटींत पाणी कसं बसतं. वहीत चित्र काढलं. आत्या वाती वळत ऐकत राहिली. त्या दिवशी तिने शेवटी काही विचारलं नाही, आणि ते तुळसीच्या लक्षात आलं नाही.

पुढचे दिवस भराभर गेले. ऑपरेशनच्या सकाळी अप्पांनी आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातल्या कारकुनीवरून रजा घेतली होती. आत्याने स्वतः कोनाड्यातून डबा काढून तुळसीच्या हातात दिला, कारण पूजा झाली होती आणि आता शिवलं तरी चालत होतं. रिक्षात तुळसीने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. खड्डा आला की ती श्वास रोखायची.

दवाखान्यात आत्याला बाकावर बसवून डोळ्यात थेंब घातले. कपाळावर उजव्या बाजूला शाईची फुली केली. नर्सने डबा आत नेला.

थोड्या वेळाने अलमेलु स्वतः बाहेर आल्या. डोक्याला हिरवी टोपी, हातमोजे अजून नव्हते. तळहातावर बाटली होती.

तुळसीला आधी समजलंच नाही की बाटलीत वेगळं काय आहे. पत्र्याची टोपी नव्हती. बुचावर पांढऱ्या कोऱ्या कापडाची चकती होती आणि ती पिवळ्या दोऱ्याने नीट, सात वेढे घालून बांधली होती. गाठ आत्याची होती. ती गाठ घरातल्या प्रत्येक लोणच्याच्या बरणीवर होती.

"हे कुणी उघडलं?" अलमेलुंनी तमिळमध्ये विचारलं.

अप्पांनी तुळसीकडे पाहिलं. तुळसीने तोंड उघडलं, पण बाकावरून आत्याच बोलली. मी, म्हणाली. विचारणाऱ्याला सगळं नीट कळावं म्हणून तिने क्रमाने सांगितलं. एकादशीपासून पाच दिवस, पहाटे आंघोळ झाल्यावर, मडीत. पहिल्या दिवशी टोपी अडकित्त्याने काढली. कावेरीचं पाणी चांदीच्या पेल्यात उकळून, निववून, कोऱ्या मलमलीतून गाळून घेतलं. बाटलीतलं जुनं पाणी मलमलीवर ओतलं, भिंग कापडावर राहिलं, तसंच कापड तिरकं करून परत सोडलं आणि नवीन पाणी भरलं. बोट एकदाही लावलं नाही. रोज थोडं जुनं बाहेर, थोडं नवं आत, कारण ते हळूहळू होतं.

"आमच्या तुळसीने सांगितलं," ती म्हणाली, आणि तमिळमध्येसुद्धा तिच्या आवाजातला अभिमान लपला नाही. "जे पाणी भोवती असेल ते हे आत घेतं. भिंगाला काही होत नाही. जिल्ह्यात पहिली आलीय ती."

अलमेलुंनी तुळसीकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं असतं तर बरं झालं असतं.

अप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. दुसरं भिंग मिळेल का, त्यांनी विचारलं. तीन आठवड्यांत, एका महिन्यात, भाऊ मद्रासला आहे. अलमेलु म्हणाल्या की त्यांच्याकडे आज दोन कडक भिंगं आहेत, पण दोन्हींवर नावं आहेत, ती माणसं आत बसली आहेत, आणि नंबरही यांच्या डोळ्याचे नाहीत. आणि महिना नाही. मोतीबिंदू फुगलाय, आतला दाब चढतोय. आज काढला नाही तर दुखून दुखून डोळाच जाईल.

"मग नंतर?" अप्पा म्हणाले. "आज नुसतं काढायचं, नंतर भिंग घालायचं?"

"दोन डोळे असते तर घातलं असतं. एकच असलेला डोळा मी दोनदा उघडणार नाही."

तेव्हा तुळसी बोलायला लागली. ती उभी राहिली, हात मागे बांधले, प्रदर्शनात उभी होती तशी. हे भिंग जेल आहे, ती म्हणाली, ते वाफेत तापवून निर्जंतुक करता येतं, कारखान्यात तसंच करतात. खाऱ्या पाण्यात ठेवलं तर पाच दिवसांत जे आत गेलं ते पाच दिवसांत बाहेर येईल, नाहीतर तासांतही येईल, कारण ते पातळ आहे. पाणी उकळलेलंच होतं. तिला बरंच माहीत होतं आणि ते सगळं तिने सांगितलं. कुठेही अडखळली नाही.

अलमेलुंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तू बरोबर सांगतेस," त्या म्हणाल्या. "पण इथलं यंत्र या भिंगाचं काय करेल ते मला माहीत नाही. आणि त्याने अजून काय काय पिऊन ठेवलंय ते मला दिसत नाही. दिसलं असतं तर मी धुतलं असतं." मग त्या आत्यासमोर बाकाशी वाकल्या. "अम्मा, तुम्ही केलंत ते स्वच्छच होतं. पण माझ्या खोलीत नुसती कुणाची बाही वस्तूला लागली तरी मी ती टाकते. कुणाची बाही, किती धुतलेली, ते मी विचारत नाही. धुऊन परत घेत नाही."

आत्याने समजलं अशा अर्थी हात वर केला. एवढा वेळ तिचा चेहरा परीक्षेत उत्तर बरोबर आलेल्या माणसासारखा होता. तो आता हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं. तुळसीने तसा चेहरा कुडम जास्वंदीवर ओतताना पाहिला होता.

"मडी," आत्या म्हणाली.

"हो. तसंच."

"पण उकळलेलं होतं," तुळसी म्हणाली. "अप्पा, तुम्ही सांगा ना त्यांना. उकळलेलं होतं."

"तुळसी." आत्या आता घरातल्या बोलीत बोलत होती. अलमेलुंना ती येत नव्हती. "पुरे. तुला सांगितलें होतें ना. धुऊन जात नाहीं."

तिने पाय जमिनीवर टेकवले, लुगडं सारखं केलं, आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला आहे ते नर्सला विचारलं.

चष्मा मार्गळीच्या महिन्यात, डिसेंबरच्या मध्याला, आला. काचा इतक्या जाड होत्या की समोरून पाहणाऱ्याला आत्याचा उजवा डोळा पेल्यात फुगलेल्या सब्जासारखा दिसे. तिला पुन्हा दिसू लागलं. मोतीबिंदूच्या धुक्यानंतर सगळं लख्ख दिसू लागलं, पण सगळं होतं त्यापेक्षा मोठं आणि जवळ. चौकट ओलांडताना ती पाय फार आधी उचलायची. कडेने चालत येणारी माणसं मध्येच नाहीशी होऊन एकदम समोर उगवायची. अम्मा हल्ली बाजूने यायची झाली तर आधी खाकरायची.

आत्याने अर्धी राहिलेली नक्षी फळीवर लावली, फूटपट्टी ठेवली, एक रेघ मारली. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, फूटपट्टी उचलून खिडकीकडे धरली.

"ही वांकली आहे काय गे?"

फूटपट्टी सरळ होती. तुळसीला कारण माहीत होतं. बहिर्गोल भिंग कडेकडे जास्त मोठं करतं, म्हणून चौकोनाचे कोपरे बाहेर ओढले जातात. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तिने फूटपट्टी हातात घेतली, बघितल्यासारखं केलं आणि खाली ठेवली.

"तूं सांग," ती म्हणाली, "मी भरतें."

आत्याने चष्मा काढला आणि डोळा मिटला. नक्षी तिला पाठ होती. पहिल्या दिवशी तिने आपलं बोट कागदावर आडवं ठेवलं, एका बोटाच्या रुंदीत किती घरं बसतात ते तुळसीकडून मोजून घेतलं. दहा बसली. त्यानंतर ती हवेत बोटाने रेघा मारत सांगायची. दहा घरें उजवीकडें, तीन वर, एक सोड. तुळसी दरवेळी विचारायची, रंग? आत्या सांगायची, सोनें. किंवा तांबडें. किंवा कांहीं नाहीं, मोकळें. शाळेतून आल्यावर दिवे लागेपर्यंत त्या दोघी एवढंच बोलत. हंसाची मान पूर्ण व्हायला बारा दिवस लागले.

नक्षी द्यायला अप्पा आणि तुळसी तिरुभुवनम्‌ला गेले. गुरुमूर्तींनी ती भिंगाखाली धरून घरन्‌घर तपासली. एकही चूक नाही, म्हणाले. विजयाम्मांना माझा नमस्कार सांगा. मग त्यांनी तुळसीला शाळेबद्दल विचारलं, कॉफी मागवली, आणि कॉफी संपल्यावर सांगितलं की सोसायटीने पोंगलनंतर नक्षीचं काम दुसरीकडे सोपवायचं ठरवलंय. हा ठराव त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हता. ते हे म्हणत असताना त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली आत्याने वीस वर्षांपूर्वी काढलेला एक काठ होता, आंब्यांचा.

घरी आल्यावर अप्पांनी फक्त नमस्कार सांगितला. आत्याने पुढच्या नक्षीचं विचारलं नाही.

भिंग तुळसीकडे होतं. अलमेलुंनी बाटली त्याच दिवशी तिच्या हातात परत दिली होती, काय करायचं ते न सांगता. देवघरात ते ठेवता येत नव्हतं, टाकवत नव्हतं. तिने बाटली कंपासपेटीत घातली. कधीतरी बुचावरची चकती सैल झाली, पाणी हळूहळू उडून गेलं, आणि एक दिवस शाळेत पेन्सिल शोधताना बाटलीच्या तळाशी तिला एक खवला दिसला. चिंचेच्या पानाएवढा, पिवळट, कडक. शेजारच्या मुलीने हे काय आहे विचारलं. काही नाही, तुळसी म्हणाली.

मधल्या सुट्टीत तिने नळाखाली बाटली धरली. खवला पाण्यात फिरला, बुडाला, कड मऊ झाली. घंटा व्हायच्या आत तो पुन्हा भिंग झाला होता. बाटली उन्हाकडे धरल्यावर पलीकडची शाळेची भिंत, तिच्यावरची खिडकी, खिडकीचे गज त्यातून बारीक आणि उलटे दिसले. गज सरळ होते. त्याला काहीच झालं नव्हतं.

हे ती कुणाला बोलली नाही.

पोंगलच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी तुळसी शाळेला निघाली, दप्तर खांद्यावर, दोन वेण्यांना रिबिनी. देवघरावरून जाताना ती उंबऱ्याबाहेर थांबली. आत्या मडीत होती. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, समोर शाळिग्राम, दिवा, उदकाची पंचपात्री. तिने पंचपात्रीकडे हात नेला आणि बोटं मिटली. बोटांत काही आलं नाही. पंचपात्री हाताच्या पलीकडे होती. चष्म्याने ती अलीकडे आणून ठेवली होती. आत्याने बोटं उघडली, थोडी डावीकडे नेली, पुन्हा मिटली. पुन्हा हवा.

अप्पा आडुतुरैच्या गाडीला गेले होते. अम्माची आंघोळ व्हायची होती. तुळसी उंबऱ्याशी, हात लांबवला असता तर पंचपात्री उचलून तिच्या हातात देता आली असती एवढ्या अंतरावर, शाळेच्या कपड्यांत. तिचा हात अर्धा उठला. तो तिने दप्तराच्या पट्ट्यावर ठेवला.

आत्याचा हात हवेत तसाच होता. ती चाचपत नव्हती. चाचपलं तर दिव्याला लागलं असतं.

"वीस घरें पुढें," तुळसी म्हणाली.

आत्याने मान वळवली नाही. हात दोन बोटं पुढे गेला आणि थांबला.

"पांच घरें उजवीकडें. आणिक दहा पुढें. आतां खालीं."

बोटं खाली आली आणि काठावर मिटली. पाणी हिंदकळलं, पण सांडलं नाही. आत्याने पंचपात्रीच्या काठावरून अंगठा फिरवला.

"रंग?" तिने विचारलं.

"तांबें," तुळसी म्हणाली.

आत्याने पंचपात्री जवळ ओढून घेतली. मग तिचा हात पुन्हा उठला, पळीच्या दिशेने, आणि मध्ये थांबून राहिला. रस्त्याच्या टोकाला शाळेची पहिली घंटा झाली. तुळसीने दप्तर खांद्यावरून उतरवून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि घरं मोजायला लागली.